नानांची अँटीबॉडी ६२, मायची शून्य. मग लस कोणी घ्यायची?

बोरीकाठ | २२ जुलै २०२१, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. मागच्या रविवारी गावात पारावर एका खाजगी लॅबवाल्यांनी कॅम्प लावला, पाचशे रुपयात कोरोनाची अँटीबॉडी तपासणी, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर. अर्ध्या गावाने रक्त दिलं त्यात आमचे नाना आणि माय पण. मंगळवारी रिपोर्ट आले. नाना पॉझिटिव्ह, आकडा ६२ पॉइंट काहीतरी. माय निगेटिव्ह, आकडा ०.०८.

तेव्हापासून घरात दोन भांडणं सुरू आहेत. नानांनी (वय ६४) अजून लस घेतलेली नाही आणि आता म्हणतात मला गरजच नाही, गावात सगळ्यात जास्त मलाच आहे. पारावर लोकांनी आकडे एकमेकांशी ताडून पाहिलेत, दहावीचे मार्क पाहतात तसे. मायने ६ जुलैला कोविशील्डचा पहिला डोस घेतलाय, दोन दिवस तापाने फणफणली होती, आणि आता शून्य आल्यावर ती रडतेय की माझी लस वाया गेली, मला परत द्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पाडव्याच्या आठवड्यात नानांना आठ दिवस ताप होता. रक्त तपासलं, टायफाईड निघाला, पाच दिवस सलाईन लावलं, बरे झाले. त्याच आठवड्यात नानांचे मोठे भाऊ, आमचे बापू, त्यांनाही टायफाईडच निघाला. ते नवव्या दिवशी धुळ्याला नेताना गाडीतच गेले. दोघांचाही स्वॅब झालाच नव्हता.

तर नानांनी लस घ्यावी का, आणि मायचं काय करू? जाणकारांनी सांगा, घरात माझं कोणी ऐकत नाहीये.

केळीचं_पान | २२ जुलै, रात्री १०.०५

बापूंबद्दल वाईट वाटलं भाऊ. आमच्या रावेरकडे पण असेच कॅम्प चालू आहेत. माझ्या मेव्हण्याला १४० आलेत, तो आता लग्नात मास्क लावत नाही. वाचतोय.

रोखठोक_पारोळा | २२ जुलै, रात्री १०.३०

नाना बरोबर बोलताहेत. एकदा आजार होऊन गेला, अँटीबॉडी तयार झाली, मग सुई कशाला टोचायची? कांजिण्या एकदा झाल्या की परत होतात का? तिकडे लोकांना लस मिळत नाहीये, पहाटे चारपासून टोकनची रांग आहे, नानांचा डोस ज्याला काहीच झालं नाही त्याला मिळू द्या. आणि लॅबवाल्यांचं म्हणाल तर सरळ धंदा आहे.

सिरम_काढणारी | २२ जुलै, रात्री ११.१५

बोरीकाठ दादा, मी जळगावला लॅबमध्ये टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. काही सांगायच्या आधी एक काम करा. दोन्ही रिपोर्ट पूर्ण उघडा, आकड्याच्या खाली बारीक अक्षरात टेस्टचं नाव असतं, तिथे 'स्पाइक' किंवा 'आरबीडी' लिहिलंय की 'न्यूक्लिओकॅप्सिड' ते बघा. सगळं उत्तर त्या एका शब्दात आहे. आकडा विसरा तोपर्यंत.

बोरीकाठ | २३ जुलै, सकाळी ७.२०

ताई, न्यूक्लिओकॅप्सिड लिहिलंय. दोन्हीवर.

सिरम_काढणारी | २३ जुलै, दुपारी २.४०

वाटलंच होतं. आता डबा खाता खाता लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

विषाणूच्या अंगावर जे काटे असतात ते स्पाइक, आरबीडी हा त्या काट्याचाच एक भाग. आत त्याच्या आरएनएला गुंडाळून धरणारं जे प्रोटीन असतं ते न्यूक्लिओकॅप्सिड. खरा कोरोना झाला की शरीर दोन्हीविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. पण कोविशील्डमध्ये फक्त काट्याची माहिती असते, आतल्या प्रोटीनचा त्यात संबंधच नाही. म्हणजे कोरोना न झालेल्या, फक्त कोविशील्ड घेतलेल्या माणसाची न्यूक्लिओकॅप्सिड टेस्ट केली, तर लसीने कितीही चांगलं काम केलं असलं तरी रिपोर्ट निगेटिव्हच येणार. कापूस किती पिकला ते विचारायला तुम्ही केळीच्या वखारीत गेलात असं झालं ते. मायला सांगा, तिची लस वाया गेलेली नाही, त्या टेस्टला लस दिसतच नाही. (कोवॅक्सिनचं वेगळं आहे, त्यात मेलेला पूर्ण विषाणू असतो, तिथे आतल्या प्रोटीनची अँटीबॉडीही येऊ शकते.)

शिवाय ६ तारखेला डोस आणि १८ ला रक्त म्हणजे बाराच दिवस झाले होते. स्पाइकची टेस्ट केली असती तरी बाराव्या दिवशी आकडा कमीच आला असता, त्याला दोन-तीन आठवडे लागतात.

मायच्या रिपोर्टचा एक अर्थ मात्र खरा आहे, की तिला बहुतेक कोरोना झालेला नाही. आणि नानांच्या रिपोर्टचा अर्थ, की त्यांना होऊन गेलाय. ही टेस्ट बनवलीच त्यासाठी आहे, मागे काय घडलं ते सांगायला. पुढे काय होईल ते ती सांगत नाही. ६२ हा कटऑफच्या किती पट सिग्नल आला त्याचा आकडा आहे, तो संरक्षणाचा आकडा नाही. अमुक आकड्याच्या वर गेलं की माणूस सुरक्षित अशी रेषा आजवर कोणी ठरवलेली नाही. आणि एका कंपनीच्या किटचे ६२ आणि दुसऱ्या किटचे १४० यांची तुलनाच होत नाही, केळीचं_पान दादा, हे मेव्हण्यांना जरूर सांगा.

केळीचं_पान | २३ जुलै, दुपारी ३.०५

सांगितलं. गप्प झालाय. मास्क कुठे ठेवलाय ते शोधतोय.

रोखठोक_पारोळा | २३ जुलै, दुपारी ४.१०

ताई तुमच्या माहितीबद्दल शंका नाही, पण माझा मुद्दा राहिलाच. नानांना झालाय हे तर तुम्हीच म्हणताय. मग लस कशाला?

सायकलवरचा_डॉक्टर | २३ जुलै, रात्री ९.३०

मी चोपडा तालुक्यात प्रॅक्टिस करतो. रोखठोक भाऊ, कांजिण्यांचं उदाहरण इथे लागू नाही. कोरोना दुसऱ्यांदा झालेले पेशंट मी स्वतः पाहिलेत, पहिल्यांदा मागच्या सप्टेंबरात आणि दुसऱ्यांदा या एप्रिलात. विषाणू रूप बदलतोय. जूनमध्ये राज्यात डेल्टा प्लसचे पहिले २१ रुग्ण सांगितले गेले त्यातले ७ आपल्या जळगाव जिल्ह्यातले होते, हे काही लांबचं राहिलेलं नाही. अंगातली अँटीबॉडी महिन्यांनी कमी होत जाते, स्मरणपेशी राहतात म्हणून आजार बहुधा हलका होतो, पण चौसष्ट वर्षांच्या माणसाने 'बहुधा'वर किती भरवसा ठेवायचा? उलट आजार होऊन गेलेल्या माणसाला एक डोस मिळाला की शरीर फार जोरात उत्तर देतं, हे आता बऱ्याच ठिकाणी दिसलंय. सरकारने मे महिन्यात सांगितलंय की कोरोनातून बरं झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्या. नानांचे तीन महिने आता होताहेत. घ्यावी.

आणि लसीआधी किंवा लसीनंतर अँटीबॉडी तपासायची गरज नाही. पाचशे रुपयात घरात एक ऑक्सिमीटर आला असता.

बोरीकाठ | २३ जुलै, रात्री १०.५०

डॉक्टरसाहेब, ताई, मनापासून आभार. मायला वाचून दाखवलं, केळीच्या वखारीचं तिला पटलं, ती आज नीट जेवली.

पण मला आता दुसरंच लागलंय. नानांना कोरोना होऊन गेला असेल तर तो कधी? तेवढं एकच तर आजारपण झालं त्यांना. म्हणजे तो टायफाईड नव्हता. मग बापूंना काय होतं? एकाच वाड्यात राहतो आम्ही, एकाच आठवड्यात दोघे पडले. त्यांना आम्ही नऊ दिवस टायफाईड म्हणून मुगाची खिचडी देत बसलो. शेवटच्या दोन दिवसांत ते म्हणत होते की उठून ओट्यावर जाईपर्यंत दम लागतो, आम्ही म्हटलं अशक्तपणा आहे. तुम्ही ऑक्सिमीटरचं लिहिलंत आणि मला झोप येईना. वाड्यात तेव्हा एक असता तरी कळलं असतं ना?

तापीतीर | २३ जुलै, रात्री ११.१०

भाऊ, स्वतःला दोष देऊ नका. त्या पंधरा दिवसांत मोठमोठ्या शहरातल्या शिकलेल्या लोकांनाही कळलं नाही.

रोखठोक_पारोळा | २३ जुलै, रात्री ११.२५

दोष त्या डॉक्टरचा आहे. माझ्या गावात एप्रिलमध्ये घरटी टायफाईड होता. दोनशे वर्षांत कधी एवढा टायफाईड आला नसेल. सगळ्यांना सलाईन, सगळ्यांना तेच इंजेक्शन. ह्या लोकांवर केस टाकायला पाहिजे.

सायकलवरचा_डॉक्टर | २४ जुलै, पहाटे ५.४५

रात्रभर विचार करून लिहितोय, कारण त्या डॉक्टरच्या जागी मीच होतो. बोरीकाठच्या गावात नव्हतो, पण तसाच होतो.

गावात टायफाईडसाठी जी तपासणी करतात ती विडाल. ती पण अँटीबॉडीचीच टेस्ट आहे, आणि ती १८९६ सालची आहे. आपल्याकडे टायफाईडचे जंतू पाण्यातून इतके फिरतात की धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडी अँटीबॉडी सापडते, आणि दुसऱ्या कुठल्याही तापात ती वर येऊ शकते. एका वेळच्या विडालवर १:८० किंवा १:१६० पाहून टायफाईड म्हणणं चूक आहे. आठवड्याने परत करून आकडा चौपट वाढला का ते पाहायचं, किंवा ब्लड कल्चर करायचं. कॉलेजात हे शिकलोय. पण कल्चरला चार-पाच दिवस आणि गावात ते होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं सगळे विडालवर चालतात.

एप्रिलमध्ये काय स्थिती होती ती सांगतो. स्वॅब दिला की आरटीपीसीआरचा रिपोर्ट पाच-सहा दिवसांनी. आरोग्य केंद्रातले अँटिजेन किट दुपारपर्यंत संपायचे. अँटिजेन निगेटिव्ह आला आणि लक्षणं असली तर आरटीपीसीआर करायचीच असते, पण निगेटिव्ह कागद हातात आला की माणूस घरी निघून जायचा. सीटी स्कॅनला तालुक्याच्या बाहेर. आणि लोकांना कोरोना हा शब्दच नको होता, पॉझिटिव्ह निघालं की दवाखान्यात नेतात आणि तिथून प्लास्टिकमध्ये येतं, असं तोंडावर म्हणायचे. विडाल पॉझिटिव्ह म्हटलं की पेशंटच्या चेहऱ्यावर सुटका दिसायची. मी काही जणांना तसं म्हटलं. मनात कोरोना आहे हे माहीत असून म्हटलं, आणि ऑक्सिजन तपासत राहिलो, कमी दिसला की पुढे पाठवलं. बहुतेक वेळेवर गेले. एक जण नाही गेला. त्याची बायको अजून माझ्याकडे बीपीची गोळी घ्यायला येते.

केस टाका म्हणणाऱ्यांना मी अडवणार नाही.

रोखठोक_पारोळा | २४ जुलै, सकाळी ८.१५

डॉक्टर, एवढं सरळ लिहिणारा माणूस मी पाहिला नाही. माझा शब्द मागे घेतो. सगळा नाही, पण तुमच्यापुरता घेतो.

तोरणमाळचा_वारा | २४ जुलै, सकाळी ९.००

अँटीबॉडीवरून आठवलं, २००६ च्या फेब्रुवारीत आमच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तेव्हा मी दहावीला होतो. रस्ते बंद, पांढऱ्या कपड्यातले लोक, लाखो कोंबड्या खड्ड्यात गेल्या. पोल्ट्रीत काम करणाऱ्या माणसांचे रक्ताचे नमुने पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे विषाणू संस्थेत गेले होते, माणसाला लागण झालीय का ते पाहायला. माणसात निघाला नाही. तेव्हा पहिल्यांदा कळलं की रक्तातून मागचा आजार वाचता येतो. परत या वर्षी फेब्रुवारीत नवापूरलाच बर्ड फ्लू, आणि त्याच्या मागोमाग दुसरी लाट. पोल्ट्रीवाले दोनदा मेले.

पण नंदुरबारने यावेळी एक गोष्ट चांगली केली. पहिली लाट ओसरत असताना सप्टेंबर २०२० मध्येच जिल्हा रुग्णालयात हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लांट बसवला, ६०० लिटर मिनिटाला. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः एमबीबीएस आणि आपल्या साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, त्यांना ऑक्सिजनचं मोल कळलं. एप्रिलमध्ये सगळा महाराष्ट्र टँकरची वाट पाहत असताना आमच्याकडे बाहेरच्या जिल्ह्यातले पेशंट येत होते. आणि 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या होत्या, त्यांचं काम एकच, पलंगापलंगावर जाऊन कोणाला किती लिटर लावलाय, कमी करता येतो का, कुठून गळतो ते पाहत फिरायचं.

रात्रपाळी_सिस्टर | २४ जुलै, रात्री ११.५०

आज सुट्टी आहे म्हणून लिहायला बसलेय. मी धुळ्यात कोविड वॉर्डला होते, दोन्ही लाटांत. ऑक्सिजन नर्सचं वाचून बरं वाटलं, कारण लोकांना वाटतं की कोरोनात माणूस इंजेक्शनने वाचतो. बोरीकाठ दादांनी बापूंचं लिहिलंय ते वाचून मला काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एप्रिलमध्ये नातेवाईक बाहेर रेमडेसिव्हिरसाठी रात्रभर रांगेत उभे असायचे, दागिने मोडून आणायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या अभ्यासात त्याने मृत्यू कमी होतात असं दिसलं नव्हतं, हे २०२० मध्येच आलं होतं. ज्याने खरंच फरक पडला ते डेक्सामेथासोन, काही रुपयांचं औषध. ब्रिटनच्या रिकव्हरी अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू त्याने एक तृतीयांशाने कमी झाले. पण तेही ऑक्सिजन लागणाऱ्यालाच. ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला दुसऱ्या दिवसापासून स्टिरॉइड दिलं तर फायदा नाही, नुकसान होऊ शकतं, आणि शुगर वाढलेल्या पेशंटचं पुढे काय झालं ते मे महिन्यात सगळ्यांनी पाहिलं. म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे पेशंट सांभाळले मी. डोळा काढलेल्या माणसाला आरसा न दाखवता चहा कसा पाजायचा हे कुठल्या पुस्तकात नाही.

आमचं खरं काम असं होतं. पेशंटला पालथं झोपवायचं, पोटावर, छातीखाली उशी. सत्तर वर्षांच्या पोट सुटलेल्या बाबांना पालथं करायला तीन माणसं लागतात आणि ते शिव्या देतात, पण अर्ध्या तासात ८६ चे ९२ होतात. जेवताना मास्क काढला की ऑक्सिजन घसरतो, म्हणून एक घास, मास्क, एक घास, मास्क, असं भरवायचं. त्यात घरून डब्यात कळण्याची भाकर यायची, ती चावायलाच इतका वेळ लागतो की पेशंट दमतो. आम्ही ताकात कुस्करून द्यायला लागलो.

आणि सगळ्यात जास्त माणसं मी कुठे जाताना पाहिली सांगू? बाथरूमला. रात्री तीन-चारला, कोणाला त्रास नको म्हणून नळी काढून हळूच उठायचे आणि वीस पावलांवर कोसळायचे. बायका तर हमखास. पलंगावर भांडं घ्यायला लाज वाटायची. एकदा असं झाल्यावर मी रोज पाळी सुरू झाली की प्रत्येकाला विचारत फिरायचे, 'आजी, तुम्हाला जायचंय का, मी नेते, सिलेंडर घेऊन नेते.' त्या एका प्रश्नाने जेवढी माणसं राहिली तेवढी माझ्या मते कुठल्याही इंजेक्शनने राहिली नसतील. हे मी मनापासून सांगतेय.

बापूंचं 'ओट्यावर जाईपर्यंत दम लागतो' हे वाचून म्हणूनच थांबले. पुढे कोणाच्या घरी असं झालं तर बोटाला मशीन लावा (नखाला पॉलिश नको, बोट गार नको), मग सहा मिनिटं घरातल्या घरात चालवा, परत लावा. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीन-चारने उतरला तर त्याच तासाला निघा. कागदावर टायफाईड असो नाहीतर काहीही असो.

बोरीकाठ | २५ जुलै, सकाळी ६.३०

सिस्टर, दोनदा वाचलं. वाड्यातल्या सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

चाळीसगावकर_जुना | २५ जुलै, सकाळी १०.२०

अँटीबॉडीच्या मागे आम्ही पण धावलो, पण वेगळ्या कारणाने. मागच्या सप्टेंबरात भाचा व्हेंटिलेटरवर होता, प्लाझ्मा आणा म्हणाले. बरा झालेला, रक्तगट जुळणारा आणि अँटीबॉडी चांगली असलेला माणूस पाहिजे. औरंगाबाद, नाशिक, तीन दिवसांत सात जणांना गाडीत घालून नेलं, दोघांची अँटीबॉडी पुरेशी निघाली. अनोळखी माणसं हो, एक तर पेरणीतून उठून आला होता. भाचा गेला. नंतर वाचलं की आयसीएमआरने (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) ३९ दवाखान्यांत ४६४ पेशंटवर पाहिलं होतं आणि प्लाझ्माने मृत्यू कमी झाले नाहीत. या मे महिन्यात तर उपचारातून काढूनच टाकलं. मला राग नाही, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. पण तो पेरणीतून उठून आलेला माणूस दर दिवाळीला फोन करणार आहे म्हणालाय, मी त्याच्या फोनची वाट पाहतो.

आजी_बोलस | २५ जुलै, सकाळी ११.००

मन्ही नात टाईप करी राह्यनी. बोरीकाठ भाऊ, नानाले सांगा, आकडा पारवर ठेवा नि लस ली टाका. यंदा आखाजीले (अक्षय तृतीयाले) एक बी पोर माहेर ऊनी नई, झोके रिकामेच व्हतात. पुढली आखाजीले सगळा जण घरमा पाहिजेत.

सिरम_काढणारी | २५ जुलै, दुपारी १.१५

आजी, तुमच्या बोलण्यावर माझा अख्खा लेख ओवाळून टाकला.

अँटीबॉडी टेस्ट निरुपयोगी आहे असा समज मात्र होऊ नये. एक तर सर्वेक्षण. मे २०२० मध्ये आयसीएमआरने देशात ७० जिल्ह्यांत पहिला सिरो सर्व्हे केला, त्यात आपला जळगाव होता. जिल्ह्यात दहा ठिकाणं, चारशे माणसं. पुण्याच्या एनआयव्हीने तोवर 'कवच एलिसा' ही देशी टेस्ट तयार केली होती. तेव्हा देशात शंभरात एकालाही होऊन गेला नव्हता, ०.७३ टक्के. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत ६.६, डिसेंबर-जानेवारीत साधारण २१, आणि मंगळवारी चौथ्या फेरीचा आकडा आला तो ६७.६ टक्के. म्हणजे तिघांतल्या दोघांत अँटीबॉडी आहे, आजाराने किंवा लसीने. नानांना पारावर हेही सांगा, त्यांच्याकडे जे आहे ते आता देशातल्या बहुतेकांकडे आहे. पण उरलेला तिसरा माणूस म्हणजे चाळीस कोटी लोक, आणि त्यात गावागावांतल्या कितीतरी माय आहेत.

दुसरा उपयोग पेशंटसाठी. लहान मुलांत. सिस्टर तुम्ही पाहिलं असेल.

रात्रपाळी_सिस्टर | २५ जुलै, रात्री १०.४०

हो, पाहिलंय. जूनमध्ये शिरपूर तालुक्यातली नऊ वर्षांची मुलगी आली. पाच दिवस ताप, पोटात कळा, उलट्या, डोळे लाल, ओठ फुटलेले. आधी कुठेतरी अपेंडिक्स सांगून ऑपरेशनची तयारी चालली होती. आरटीपीसीआर निगेटिव्ह. बालरोग डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला झाला होता का? तर महिन्याभरापूर्वी वडिलांना साधी सर्दी. अँटीबॉडी टेस्ट केली, पॉझिटिव्ह. म्हणजे मुलीला होऊन गेला होता, कोणाला कळलाही नाही, आणि आता तिचं शरीरच उलटून स्वतःवर चालून आलं होतं. एमआयएस-सी म्हणतात, कोरोनानंतर दोन ते सहा आठवड्यांत होतं. हृदयाची सोनोग्राफी केली, आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीचं इंजेक्शन) आणि स्टिरॉइड सुरू झालं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आयव्हीआयजी फार महाग असतं, वडिलांनी बैलजोडी विकली. जाताना पोरीने मला विचारलं, सिस्टर तुमचं तोंड कसं आहे? पीपीईतून तिने मला पाहिलंच नव्हतं. खिडकीबाहेर जाऊन मास्क काढून दाखवलं.

तर लहान मुलाला असा ताप, लाल डोळे आणि पोटदुखी एकत्र आली तर थांबू नका.

तापीतीर | २५ जुलै, रात्री ११.००

बैलजोडी. पेरणीच्या तोंडावर.

धरणगावचा_वकील | २६ जुलै, दुपारी १२.३०

बोरीकाठ, बापूंच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलंय ते पाहून घ्या. सुप्रीम कोर्टाने ३० जूनला सांगितलंय की कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना सानुग्रह मदत मिळावी, त्याचे नियम ठरायचे आहेत, आणि मृत्यूच्या दाखल्यातलं कारण दुरुस्त करून घ्यायची सोयही करायला सांगितलीय. नानांच्या अँटीबॉडी रिपोर्टने बापूंचं काही सिद्ध होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. पण त्या नऊ दिवसांतले सगळे कागद, चिठ्ठ्या, सीबीसी, गाडीभाड्याची पावतीसुद्धा एका पिशवीत घालून ठेवा. फेकू नका.

बोरीकाठ | २६ जुलै, रात्री ९.१५

वकीलसाहेब, दाखल्यावर कारणच नाही. कागद चुलतभावाकडे आहेत, पिशवीत घालून ठेवायला सांगितले. काकूंना मात्र यातलं काही बोललो नाही. पैशासाठी माणसाचं मरण उकरतोय असं त्यांना वाटेल. कसं बोलायचं तेच कळत नाही.

चाळीसगावकर_जुना | २६ जुलै, रात्री ९.४०

आधी नानांशी बोला. भावाचं मरण त्यांनाही तसंच आत बसलेलं असणार. मला वाटतं ते ६२ ला का धरून बसलेत त्याचं कारण तिथेच आहे.

बोरीकाठ | ३ ऑगस्ट २०२१, संध्याकाळी ७.३०

उशीर झाला कळवायला, कपाशीची फवारणी चालू होती.

चाळीसगावकर, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. परवा रात्री ओट्यावर नानांशी बोललो. मी लसीचा विषय काढलाच नाही, बापूंचा काढला. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की मला कोरोना झाला होता असं धरलं तर तो आधी मला झाला, मग बापूला. मी त्याच्याकडे रोज पत्ते खेळायला जायचो. म्हणून त्यांना ६२ म्हणजे फक्त ताकद पाहिजे होती, आजार नको होता. मी सायकलवरच्या डॉक्टरसाहेबांचं उत्तर मोबाईलवर वाचून दाखवलं, सगळं. ते दोनदा म्हणाले, त्या डॉक्टरला सांग माझा नमस्कार. तर नमस्कार कळवतो, साहेब.

आज सकाळी आरोग्य केंद्रावर गेलो, टोकन नंबर ७१. टेबलावरच्या सिस्टरने नेहमीचं विचारलं, बाबा, याआधी काही आजार झालाय का? मी बोलणार होतो, त्याआधी नानाच म्हणाले, हो, एप्रिलमध्ये मला कोरोना झाला होता. माझ्या भावाला पण झाला होता, तो गेला.

लस झाली. हात दुखतोय म्हणताहेत, बाकी बरे आहेत. माय त्यांना लिंबाचं सरबत देतेय.

सायकलवरचा_डॉक्टर | ३ ऑगस्ट, रात्री ९.०५

नमस्कार पोचला. नानांना माझाही सांगा.

सिरम_काढणारी | ३ ऑगस्ट, रात्री ९.२०

खूप बरं वाटलं दादा. मायच्या दुसऱ्या डोसला ८४ दिवस धरले तर २८ सप्टेंबर येतो, कॅलेंडरवर आजच खूण करा. त्याआधी गावात परत कॅम्प आला तर तिला रक्त देऊ देऊ नका.

बोरीकाठ | ३ ऑगस्ट, रात्री ९.३५

केली खूण. ऑक्सिमीटर पण आणलाय, वाड्यात मधल्या खुंटीला टांगलाय, सगळ्यांना दिसेल असा.